एस्टीमचा ऑईल पंप घरी बदलताना: जुना निघेना, नवा बसेना

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरी २००३ ची मारुती एस्टीम आहे, १.३ लिटर एमपीएफआय. वडिलांची गाडी, त्यामुळे विकायचा विचार कुणाच्या मनातही नाही. गेल्या उन्हाळ्यापासून इंजिन पूर्ण तापलं आणि गाडी सिग्नलला थांबली की ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला की विझायचा. ऑईलची पातळी बरोबर, फिल्टर नवा, ऑईल २०डब्ल्यू-४०.

दिव्यावर विसंबून पंप काढायचा नाही हे या विभागातल्या जुन्या धाग्यांत वाचलं होतं. म्हणून प्रेशर स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावला. गरम इंजिनवर आयडलला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) ०.४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि ३००० आरपीएमला १.६ किलो. या इंजिनाला तीन हजारांवर निदान तीन किलो तरी दिसायला हवं, म्हणजे तक्रार खरी आहे.

चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) उतरवला, ऑईल ओढायची जाळी साफ केली (थोडा काळा गाळ होता, चोंदलेली नव्हती). टायमिंग बेल्ट, क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, डिपस्टिकची नळी हे सगळं निघालं. पंपाचे सगळे बोल्टही निघाले. आणि आता पंप ब्लॉकला असा चिकटून बसलाय की हलतच नाही. पॅकिंग सुटलेलं दिसतं, वरच्या बाजूला बारीक फट आहे, खालची बाजू मात्र जाम.

नवा पंप आणून ठेवलाय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुना पंप ब्लॉकच्या तोंडाला धक्का न लावता कसा काढायचा? आणि नवा बसवताना काय काय पाहायचं? माझ्याकडे गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि व्हर्निअर आहे. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर आहे.

तेलपाणी

गेज लावून मग काम काढलंत हे फार चांगलं केलंत. बरेच जण थेट पंपच मागवतात.

पंपाच्या मागे ब्लॉकमध्ये दोन डॉवेल पिना आहेत, पंपाला नेमक्या जागी धरणाऱ्या. पिना पोलादी, पंपाची बॉडी ॲल्युमिनिअमची. वीस वर्षांत त्या दोन्हींच्या मध्ये पांढरा चुरा धरतो आणि पंप तिथेच पकडला जातो. तुमची खालची पिन धरली असणार, कारण चिखल-पाणी खालच्याच बाजूला पोचतं.

स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका, एवढी विनंती. ब्लॉकच्या तोंडावर एक ओरखडा पडला की तिथून कायम ऑईल पाझरत राहणार.

निवृत्त_निदेशक

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला बरीच वर्षं शिकवलं आहे. वर्गात मुलांना सांगायचो तेच इथे सविस्तर लिहितो. धागाकर्त्यांनी घाई करू नये.

आधी जुना पंप. दोन्ही पिनांच्या जागी, बॉडी आणि ब्लॉक जिथे भेटतात त्या रेषेवर, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी परत मारा. मग नायलॉनची किंवा कातडी हातोडी घ्या आणि पंपाच्या जाड भागांवर, म्हणजे बोल्टच्या भोकांभोवती जो फुगीर भाग असतो त्यावर, बाजूने हलके ठोके द्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पंप पुढे ओढायचा नाही, जागच्या जागी थोडा डोलवायचा. पिनेभोवतीचा चुरा फुटला की पंप आपोआप सैल होतो. वरची बाजू सुटली म्हणून तीच ओढत राहिलात तर बॉडी तिरकी होऊन खालच्या पिनेवर आणखी अडकते. म्हणून वरची बाजू परत आत दाबा, दोन्ही बाजू समांतर करा आणि दोन्हीकडून सारखे बाहेर या.

त्यानंतरही हलला नाही तर हॉट एअर गन पिनेच्या भोवतीच्या बॉडीवर धरा. ज्योत वापरू नका. खाली ऑईल निथळत असतं.

तरफ लावायचीच असेल तर बॉडीच्या बाहेर आलेल्या कानांखाली, तेही जिथे मागे पॅकिंगचा पृष्ठभाग नाही अशाच ठिकाणी, आणि मध्ये लाकडाची चीप ठेवून.

आता नवा पंप. याच्या आत दोन रोटर असतात, आतला आणि बाहेरचा. आतला थेट क्रँकवर बसतो आणि क्रँकबरोबर फिरतो. त्याच्या भोकाला सपाट बाजू आहेत, त्या क्रँकच्या सपाट बाजूंशी जुळल्याशिवाय पंप आत जाणार नाही. म्हणजे पंपाला एकाच वेळी तीन ठिकाणी बसायचं असतं: दोन पिना, रोटरचं भोक आणि पुढचं ऑईल सील. पंप घट्ट जातोय असं वाटलं की तो या तिघांपैकी कुठे घट्ट आहे हे आधी शोधायचं. ते कळेपर्यंत हातोडी खाली ठेवायची आणि बोल्टही लावायचे नाहीत.

शोधायची पद्धत सोपी आहे. पंपाच्या मागची पत्र्याची प्लेट काढा, दोन्ही रोटर बाहेर काढा आणि नुसती रिकामी बॉडी पॅकिंगशिवाय पिनांवर बसवून पाहा. ती तिथेच अडली तर दोष पिनांचा किंवा त्यांच्या भोकांचा. बॉडी हाताने पूर्ण बसली तर आतला रोटर एकटा घेऊन क्रँकवर सरकवून पाहा. तोही सहज गेला तर उरलं सील. सीलचा अडथळा हाताला मऊ लागतो, दाबलं की पुढे जातो. धातूचा अडथळा एका जागी टक्कन थांबतो. हात लगेच ओळखतो.

रोटर काढताना बाहेरच्या रोटरची कुठली बाजू प्लेटकडे होती ते मार्करने खूण करून ठेवा. पंच मारून खूण करू नका.

घाटमाथा

निदेशक काका, मनापासून आभार. इतकं बारकाईने कुणी समजावत नाही. आज संध्याकाळी तेल मारून ठेवतो.

बायपासवाला

एवढं सगळं कशाला? गॅरेजमध्ये नवा पंप हाताने जितका जातो तितका घालतात, मग लांब बोल्ट लावून आळीपाळीने आवळत जातात. आपोआप ओढला जातो आत. माझ्या गाडीचा असाच बसवलाय, आजवर काही झालेलं नाही.

लेथवाली

बायपासवाला दादा, तुमच्या गाडीला त्रास झाला नाही हे चांगलंच आहे, पण हा सल्ला मी कुणाला देणार नाही. पिंपरीत मशीन शॉपमध्ये काम करते. तुटलेले कान वेल्डिंगसाठी घेऊन येणारे लोक दर थोड्या दिवसांनी येतात.

त्या बोल्टचा टॉर्क ११ न्यूटन मीटर आहे. म्हणजे तो बोल्ट पंप पकडून ठेवायला आहे, ओढून आत न्यायला नाही. बॉडी तिरकी असताना एका बाजूचा बोल्ट आवळला की सगळा भार ॲल्युमिनिअमच्या एका कानावर येतो. कान तुटला तर निदान दिसतो तरी. न दिसणारं नुकसान जास्त वाईट. पिनेने भोकाची कड खरवडली की ॲल्युमिनिअमचा कीस निघतो आणि तो नेमका पंपाच्या तोंडाशी पडतो. शिवाय बॉडी किंचित तिरकी बसली तर आतला रोटर प्लेटला घासतो. नवा पंप पहिल्याच दिवशी झिजायला लागतो.

गरम करण्याबद्दल एक हिशेब देते, कारण त्यावर फार भरवसा ठेवला जातो. ॲल्युमिनिअम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साधारण १२. समजा पिनेचं भोक १० मिलिमीटरचं आहे आणि बॉडी ८० अंशांनी तापवली. भोक वाढेल जेमतेम ०.०२ मिलिमीटर. जुन्या पंपातला चुरा मोकळा करायला तेवढं पुरतं, कारण मुख्य काम फुगण्या-आकसण्याने होतं. पण नवा पंप पिनेवर ०.१ मिलिमीटरने अडत असेल तर गरम करून काहीच होणार नाही. तिथे मोजमापच घ्यावं लागेल.

आणि नवा पंप सीलसकट तापवू नका. साध्या नायट्राइल सीलला शंभर अंशांच्या पुढे नेणं बरोबर नाही.

बायपासवाला

ताई, कीस पडतो हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पटलं.

ग्रँडरॅपिड्सकर

मी मिशिगनमध्ये असतो. माझ्याकडे १९९८ ची शेवरले मेट्रो आहे, १.३ लिटर, सोळा वाल्व. इंजिन तुमचंच, सुझुकीचं जी१३बीबी. कॅनडात ऑन्टॅरिओतल्या इंगरसॉलच्या कारखान्यात बनलेली गाडी. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तेलपाणींनी सांगितलेला पांढरा चुरा इथे आणखी लवकर धरतो.

मागच्या प्लेटच्या स्क्रूंबद्दल सांगतो. ते जपानी पद्धतीच्या फुलीचे असतात. आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस (त्याच जपानी मानकाच्या) टोकाचा ड्रायव्हर घ्या आणि हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. एका ठोक्यात सुटतात. निदेशक काकांनी सांगितलेली चाचणी करायची तर प्लेट काढावीच लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

क्रँकच्या मधल्या बोल्टची जागाही पाहून घ्या. या घराण्याच्या इंजिनांत तो बोल्ट ढिला राहिला तर ‘की’ (पुलीला क्रँकवर फिरू न देणारी धातूची छोटी पट्टी) आणि तिची खाच झिजते, मग टायमिंग हलतं. पुली बाहेर आहे तोवर की बोटाने हलवून बघा. हलत असेल तर नवी घाला, आणि खाच खाल्ली असेल तर पंपाआधी तिचा विचार करावा लागेल.

तेलपाणी

घाटमाथा, चेंबर उतरलेलाच आहे तर बेअरिंग बघितल्याशिवाय बंद करू नका. मी हे ठासून सांगतो. गरम इंजिनवर प्रेशर पडण्याचं कारण पंपच असेल असं नाही. पंप ठरावीक ऑईल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीतून ऑईल किती सहज निसटतं त्यावर. फटी वाढल्या असतील तर नवा पंप लावून दिवा चार महिने विझेल आणि परत लागेल.

एका कोनरॉडची (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याची) कॅप काढा, प्लॅस्टिगेजची, म्हणजे फट मोजायच्या मऊ प्लास्टिकची, बारीक तार जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागावर) ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक न फिरवता परत काढा आणि दबलेल्या पट्टीची रुंदी मोजा. या इंजिनाला कोनरॉड बेअरिंगची फट ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर हवी, ०.०८ ही शेवटची मर्यादा. मेन बेअरिंगला (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) ०.०२ ते ०.०४, मर्यादा ०.०६. मेनच्या कॅप एका वेळी एकच काढायची, आणि कॅपवरचा बाण व आकडा बघून त्याच जागी परत लावायची.

मर्यादेच्या आत असेल तर निर्धास्तपणे पंप लावा.

नव्वदचीझेन

फार उपयोगी धागा. बुकमार्क केला. माझ्या झेनलाही असाच दिवा लागतो. प्रेशर रिलीफ वाल्व अडकल्यानेही असं होतं का?

निवृत्त_निदेशक

होय. रिलीफ वाल्व पंपाच्या बॉडीतच असतो: एक छोटा पिस्टन आणि त्यामागे स्प्रिंग. गाळामुळे पिस्टन उघड्या स्थितीत अडकला तर ऑईल गॅलरीत (बेअरिंगकडे जाणाऱ्या वाटेत) जाण्याऐवजी तिथूनच परत वळतं. जुना पंप हातात आला की तो पिस्टन बोटाने दाबून बघायचा. सहज आत जाऊन सहज परत यायला हवा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर पंपातून कचरा गेलाय असं समजावं.

घाटमाथा

मंडळी, जुना पंप निघाला. तेल मारून ठेवलं, सकाळी वरची बाजू परत आत दाबली आणि काकांनी सांगितलं तसं डावी-उजवी डोलवत गेलो. हॉट एअर गन लागली, पण थोडीच. ब्लॉकच्या तोंडावर एकही ओरखडा नाही.

जुन्या पंपाची मोजमापं: बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यातली फट ०.२२ मिलिमीटर (मर्यादा ०.३१). रोटरवर सरळ पट्टी ठेवून बाजूची फट ०.१९ मिलिमीटर, मर्यादा ०.१५. प्लेटवर रोटर घासल्याचे गोल चट्टेही स्पष्ट दिसतात. रिलीफ वाल्व मोकळा आहे.

कोनरॉड बेअरिंग प्लॅस्टिगेजने ०.०४ ते ०.०५ आली. मधलं मेन ०.०४. म्हणजे बेअरिंग उत्तम आहेत, पंपच झिजलाय. तेलपाणी, तुमच्या आग्रहामुळे मनावरचं ओझं गेलं.

आता नवी अडचण. नवा पंप पिनांवर सुरुवातीला सहज गेला आणि साधारण तीन मिलिमीटर बाकी असताना टक्कन थांबला. बोल्ट लावलेला नाही. प्लेट काढून रोटर बाहेर काढले (जेआयएस ड्रायव्हर पुण्यात नाना पेठेत मिळाला, ग्रँडरॅपिड्सकर यांचे आभार). रिकामी बॉडीही तिथेच अडते. आतला रोटर एकटा क्रँकवर लोण्यासारखा सरकतो. म्हणजे पिनाच.

लेथवाली

छान, आता शोधायची जागा लहान झाली. तीन मिलिमीटरवर थांबतोय म्हणजे पिनेचं टोक ठीक आहे, मुळाकडे काहीतरी आहे. हे तपासा:

दोन्ही पिनांचा व्यास व्हर्निअरने टोकाला, मध्ये आणि मुळाशी असा तीन ठिकाणी घ्या, प्रत्येक ठिकाणी ९० अंशांत दोनदा. मायक्रोमीटर मिळाला तर जास्त चांगलं. मग नव्या पंपाची दोन्ही भोकं बघा, तोंडाला चेंफर (तिरकी कापलेली कड) आहे का, आत रंग किंवा बर (धातूचा खरखरीत उंचवटा) आहे का. आणि दोन्ही पिनांमधलं अंतर जुन्या आणि नव्या पंपाच्या भोकांतल्या अंतराशी ताडून बघा. त्यासाठी पंपावर पंप ठेवून भोकांतून ड्रिलचे बिट घालून पाहिलं तरी चालेल.

पिनेच्या मुळाशी ब्लॉकवर जुन्या पॅकिंगचा किंवा सिलिकॉनचा थर राहिला असेल तर तोही खरवडून काढा. पण धारदार पत्र्याने नको, प्लास्टिकच्या पट्टीने.

तेलपाणी

क्रँकच्या आजूबाजूला आणि ऑईलच्या भोकात स्वच्छ सुती कापड कोंबून मगच पिनांना हात लावा.

घाटमाथा

सापडलं! खालच्या पिनेचं मूळ पसरलेलं आहे. टोकाला आणि मध्ये व्यास सारखा, मुळाशी मात्र एका दिशेने जवळपास ०.१ मिलिमीटर जास्त. ही पिन कधीतरी काढून परत ठोकली गेलीय. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने हाफ इंजिन (इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती) केल्याचं सांगितलं होतं, बहुतेक तेव्हाच. पिनेला पक्कडीचे चावेही आहेत. जुना पंप त्या फुगवट्यावर जोराने बसवलेला होता, म्हणूनच खालची बाजू इतकी जाम होती. त्याच्या भोकाची कडही ओरबाडलेली दिसते.

आता ही पिन घासून बारीक करू की काढून नवी घालू?

लेथवाली

काढून नवी घाला. घासताना पिन एका बाजूने चपटी होते आणि मग पंप तिथे किंचित हलू शकतो. पिनेचं कामच पंपाला क्रँकशी एककेंद्री धरणं आहे. त्यात ढिलाई आली की सील एका बाजूने झिजतं.

काढायला पिनेभोवती ब्लॉक थोडा तापवा, लॉकिंग प्लायर घट्ट धरा आणि फिरवत फिरवत बाहेर ओढा. सरळ ओढू नका. नवी पिन दुसऱ्या, न बिघडलेल्या पिनेच्या मापाने घ्या. पुण्यात किंवा तुमच्या जवळच्या शहरात कडक केलेल्या डॉवेल पिना मापाने मिळतात. बसवायच्या आधी फ्रीजरमध्ये ठेवा, ती थोडीशी आकसेल, आणि तांब्याच्या किंवा पितळेच्या तुकड्याने हलके ठोकून बसवा. पोलादी हातोडी थेट पिनेवर नको, त्यानेच ही पिन पसरली.

नव्या पंपाच्या भोकाला चेंफर नसेल तर त्याला हाताने काउंटरसिंकचा एक हलका फेरा द्या. ड्रिल मशीनने नको. मग पंप पेट्रोल किंवा डिझेलने धुवून हवा मारा.

निवृत्त_निदेशक

ताईंनी लिहिलं ते तसंच करा. आता बसवण्याचा क्रम सांगतो, कारण ऑईल गळती बहुतेक वेळा इथेच सुरू होते.

नवा पंप आला तरी त्यातली बाजूची फट एकदा मोजा. नव्या पंपालाही मर्यादा लागू आहे. बाजारात नकली माल भरपूर आहे, आणि खोक्यावरून खरं-खोटं कळत नाही, फीलर गेजने कळतं. रोटरना भरपूर इंजिन ऑईल लावून प्लेट लावा, बोटाने फिरवून बघा.

रोटरमध्ये ऑईल किंवा व्हॅसलीन भरा. कोरडा पंप चालू झाला की हवाच फिरवत राहतो, जाळीतून ऑईल ओढू शकत नाही, आणि तोवर बेअरिंग कोरडी राहतात. व्हॅसलीन गरम ऑईलमध्ये विरघळून जातं. ग्रीस वापरायचं नाही, ते विरघळत नाही आणि बारीक वाटांत अडकतं.

सील क्रँकवर सरकताना कीच्या खाचेची धार त्याच्या ओठाला कापते. कंपनीचं त्यासाठी एक मार्गदर्शक हत्यार असतं, ते घरी कुणाकडे नसतं. की काढून ठेवा. फाईलचं पातळ पारदर्शक प्लास्टिक क्रँकच्या टोकाभोवती गुंडाळा, त्यावर ऑईल लावा, सीलच्या ओठाला ऑईल लावा आणि पंप त्यावरून सरकवा. आत गेला की प्लास्टिक बाहेर ओढून घ्या.

पंपाचे बोल्ट दोन लांबीचे आहेत, आखूड आणि लांब. जागा बदलली तर लांब बोल्ट तळाला टेकतो आणि पंप पकडलाच जात नाही, किंवा ब्लॉकचे आटे जातात. काढताना पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून बोल्ट त्या त्या जागी खोचून ठेवले असतील अशी आशा आहे.

आळीपाळीने ११ न्यूटन मीटर. त्यानंतर पॅकिंगची खालची कड ब्लॉकच्या आणि पंपाच्या पातळीबाहेर आली असेल तर धारदार ब्लेडने सपाट कापा. ती कड राहिली तर चेंबर तिथे नीट बसत नाही. वॉटर पंप आणि ऑईल पंप यांच्या मधलं रबरी सीलही विसरायचं नाही. टायमिंग बेल्टच्या मागची ताटली लावताना तिची खोलगट बाजू ऑईल पंपाकडे.

या सगळ्यानंतर बेल्ट चढवण्याआधी क्रँक पान्याने थोडा, अगदी थोडा पुढे-मागे हलवून बघा. पंप बसवण्यापूर्वी जितका जोर लागत होता तितकाच लागायला हवा. अचानक जड वाटला तर पंपाचे बोल्ट सैल करा आणि कारण शोधा. बेल्ट नसताना क्रँक पूर्ण फिरवू नका. वाल्व आणि पिस्टन एकमेकांना लागू शकतात असं धरूनच चालावं.

घाटमाथा

काका, बोल्ट पुठ्ठ्यावरच आहेत. :)

ग्रँडरॅपिड्सकर

चेंबर लावताना जाळीच्या नळीचं ओ-रिंग नवं घ्या. ते जुनं, कडक झालेलं परत लावलं की पंप तिथून हवा ओढतो आणि नवा पंप असूनही काटा थरथरतो. चेंबरच्या सिलिकॉनची रेघ बारीक ठेवा. जास्त लावलेलं आतल्या बाजूला लोंबतं आणि एक दिवस तुटून जाळीवर जाऊन बसतं.

जुन्या_जीपचा

विषय वेगळा आहे, पण पिना-पंप यांवर बोलणं चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप आहे, हरिकेन इंजिनाची. तिचा ऑईल पंप ब्लॉकच्या बाहेर, बाजूला लागतो. कॅमशाफ्टच्या गिअरवर तो फिरतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपाच्या शाफ्टच्या खाचेत अडकून फिरतो. त्यामुळे पंप एक दात चुकून बसला की इग्निशन टायमिंगच चुकतं. काढण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरच्या रोटरची दिशा खुणेने पक्की करावी लागते. त्या मानाने क्रँकवरचा पंप काढायला त्रासाचा, पण एकदा बसला की टायमिंगचा प्रश्न त्याच्यामुळे येत नाही.

घाटमाथा

काम झालं.

नवी पिन मापाची मिळाली, फ्रीजरमध्ये ठेवून पितळी तुकड्याने बसवली. त्यानंतर रिकामी बॉडी नुसत्या अंगठ्याने दाबून पूर्ण टेकली. नव्या पंपाची बाजूची फट ०.०७ आली. व्हॅसलीन भरलं, प्लास्टिकची युक्ती केली, सील अखंड गेलं. क्रँकचा जड-हलकेपणा आधीसारखाच. बेल्ट चढवून हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले, खुणा जुळल्या, मग टेन्शनर आवळला. मधल्या बोल्टला मॅन्युअलप्रमाणे टॉर्क दिला. फ्लायव्हीलखालचं झाकण उघडं होतं म्हणून फ्लायव्हीलच्या दातात जाड पाना अडकवून क्रँक धरला. की घट्ट आहे, खाच स्वच्छ.

साडेतीन लिटरच्या आसपास नवं ऑईल घातलं, नव्या फिल्टरमध्येही थोडं भरलं. फ्युएल पंपाचा रिले काढून आणि कॉइलचं सॉकेट सोडवून स्टार्टर थोडा थोडा फिरवत राहिलो. गेजचा काटा हलला, तेव्हाच रिले परत लावला.

आता पूर्ण गरम इंजिनवर आयडलला १.२ किलो, ३००० आरपीएमला ३.४. घाट चढून उतरून आलो, चेंबरच्या कडेला थेंब नाही.

सगळ्यांचे आभार. वडील गाडीत बसले आणि दिवा विझलेला बघून खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्या सगळ्यांना माझाही नमस्कार कळव." तो इथे पोचवतोय.

लेथवाली

काकांना आमचाही नमस्कार. ०.०७ म्हणजे पंप चांगला आहे.

तेलपाणी

अभिनंदन! आता एक करा. पहिलं ऑईल पाचशे किलोमीटरला काढा. सिलिकॉनचे कण, व्हॅसलीन, पिनेच्या कामात पडलेलं काही, ते सगळं निघून जाईल. काढलेलं ऑईल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात बघा आणि फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चकाकणारा कीस नसेल तर पुढचं ऑईल नेहमीच्या मुदतीला. जुनं ऑईल गटारात किंवा मातीत अजिबात नको. डब्यात भरून एखाद्या मोठ्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते पुनर्प्रक्रियेला जातं.

नव्वदचीझेन

घाटमाथा, तुमचं बघून धीर आला. झेनला हाच पंप बसेल का? आणि गेजला कुठल्या आट्याचा जोड लागला?

ग्रँडरॅपिड्सकर

झेनचं इंजिन त्याच घराण्यातलं आहे, पण पंप दिसायला सारखा म्हणून मागवू नका. तुमच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. प्रेशर स्विचचा आटा १/८ बीएसपीटी आहे, निमुळता. १/८ एनपीटीचा जोड सुरुवातीला दोन-तीन आटे जातो आणि मग अडतो. तो जबरदस्तीने आवळला तर ब्लॉकचा आटा जातो.

नव्वदचीझेन

धन्यवाद. आधी गेज लावतो, गरम इंजिनवर आयडल आणि तीन हजारांचे आकडे घेतो आणि नवीन धागा काढून तिथे टाकतो.